मिक्सरच्या जागेवरची डबी

ते साल होते दोन हजार सतरा. त्याच वर्षी मी या घरात आले आणि त्याच वर्षी मला ‘बिघडलेली’ ठरवण्यात आले. मित्रांनो, मी एक जुनी, वायफाय पुढे पोहोचवणारी डबी आहे. दुकानात मला एक्स्टेंडर म्हणत. या घरात तो शब्द कोणाच्या जिभेवर बसला नाही, म्हणून मी डबी झाले. डबी तर डबी, त्याचा मला राग नाही. बिघडलेली म्हटल्याचा मात्र आहे, आणि तो मी लपवणार नाही. मी तेव्हा बिघडलेली नव्हते. आजही नाही.

आमच्या जातीत माझे वय म्हणजे पतवंडे पाहिलेल्या बाईचे वय. या वयात माणसे गोड बोलू लागतात म्हणे. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. केसांना टोप्या घातलेल्या बायका रांगेने बसत आणि चिमट्याने आमच्या पोटात तांदळाच्या कणीएवढे भाग बसवत. त्यातल्या एकीच्या बोटाला चिकटपट्टी होती. तिने मला पहिल्यांदा वीज दिली. मग एका लोखंडी पेटीत ठेवून दार लावले. बाहेरचा कोणताही आवाज तिथे येत नव्हता. मी घाबरले आणि माझा दिवा लाल झाला. दार उघडताच तो हिरवा झाला. तिने मान डोलावली आणि मला पुढे ढकलले. त्या दिवशी मी माझा धर्म शिकले. ऐकू येत असेल तर हिरवा, नसेल तर लाल. त्यात घासाघीस नाही.

आमच्या कामाविषयी लोकांचा मोठा गैरसमज आहे, तो आधी दूर करते. आम्ही वायफाय तयार करत नाही. ते राउटरकडून येते. आम्ही ते ऐकतो आणि तसेच्या तसे पुढे सांगतो. जे ऐकूच आले नाही ते पुढे काय सांगणार? शिवाय मला दोन गळे आहेत. जाड्या गळ्याचा आवाज लांब जातो, भिंती ओलांडतो, पण बोलतो सावकाश. बारीक गळा भराभर बोलतो, पण भिंत आडवी आली की त्याला धाप लागते. बोलायला जाडा पुरतो. चालतेबोलते चित्र स्वच्छ पाठवायचे तर बारीकच लागतो. माझ्यातून काय जाते ते मी पाहत नाही. सगळे कुलूपबंद असते आणि किल्ली माझ्याकडे नसते. हे सांगून ठेवते, कारण पुढे एका बाईच्या कामाची गोष्ट आहे आणि त्या कामात गुप्तता फार मोठी.

मला विकत आणले ते ताईने. ती तेव्हा पन्नाशीला टेकली होती. धाकट्या बहिणीची ताई, म्हणून सगळ्या घराचीच ताई झालेली. ही धाकटी जन्मापासून ऐकू न येणारी. ती खूप आधीच घर सोडून दुसऱ्या शहरात राहायला गेली होती. तिच्यामुळे ताई लहानपणीच हातांची भाषा शिकली आणि पुढे ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिक्षिका झाली. शाळा बंद पडली तेव्हा ताई एक सुटकेस आणि फळा पुसायचे डस्टर घेऊन वडिलांच्या घरी परत आली. डस्टर का आणले ते तिलाही सांगता येत नसे.

आता ती दुभाष्याचे काम करत होती. एखादी ऐकू न येणारी व्यक्ती दवाखान्यात जाई, डॉक्टर बोलत, आणि ताई आपल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून ते बोलणे हातांनी सांगे. मग तिकडचे हात पाहून इकडून तोंडाने सांगे. एका केंद्रातर्फे ही कामे येत. आणि नेमके बोलणे रंगात आले की ताईचे चित्र थिजे. हात हवेत, बोटे अर्धवट उघडी, आणि पलीकडे आजारी माणूस वाट पाहत बसलेला.

“सगळं वाक्य गेलं तर परत सांगता येतं,” ताई एकदा वहिनीला म्हणाली. “अर्धं गेलं तर घात होतो. ‘ही गोळी घ्यायची नाही’ यातलं ‘नाही’ शेवटी येतं, वहिनी. हात तिथंच थिजले तर काय राहिलं?”

“गोळी घ्यायची,” वहिनी म्हणाली, आणि कांदा चिरता चिरता थांबली.

केंद्रावरच्या बाईंनी ताईला सांगितले होते, घरचे इंटरनेट सुधारा, नाहीतर आम्हाला तुमचे नाव यादीतून काढावे लागेल. ताईला दुसरे काम येत नव्हते आणि दुसरे करायचेही नव्हते. म्हणून मी आले.

घर तीन खोल्यांचे, रेल्वेच्या डब्यांसारखे एकामागे एक. पुढच्या खोलीत ताईच्या भावाचे, दादाचे, काम चाले. तो दातांच्या कवळ्या बनवी. डॉक्टर लोक जबड्याचे साचे पाठवत आणि दादा त्यावरून दात बसवी. राउटर त्याच खोलीत, वरच्या फळीवर, प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेत बसलेला. बिनओठांची ती मंडळी दिवसभर हसत असत. मधल्या खोलीत स्वयंपाकघर, म्हणजे वहिनीचे राज्य. सगळ्यात मागे ताईची खोली. मधली भिंत हातभर जाड, तिला टेकून लोखंडी कपाट, आणि वर पाण्याची टाकी. सिग्नल अडवायचा म्हणून कोणी मुद्दाम घर बांधले असते तर ते असेच बांधले असते.

“पुढच्या खोलीत येऊन बस की,” दादा म्हणाला होता.

“तुझं ते दात घासायचं मशीन सुरू असताना?”

“तेवढा वेळ बंद ठेवतो.”

“आणि तुझी गिऱ्हाइकं? कोणा बाईचा आजार मी हातांनी सांगायचा आणि तुझ्याकडे आलेल्या माणसानं तो बसून बघायचा? दार लावता येईल अशी खोली पाहिजे मला.”

दादा गप्प झाला. तो वाईट माणूस नव्हता, पण गप्प होणे हा त्याचा स्थायीभाव होता. दिवसभर जबड्यांच्या संगतीत राहिल्यावर बोलण्याची हौस फिटत असावी.

राहिले अण्णा, घरातले थोरले. ताईचे, दादाचे आणि धाकटीचे वडील. आयुष्यभर वीज कंपनीत मीटर वाचण्याचे काम केलेले. विजेच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. मला खोक्यातून काढल्यावर त्यांनी उलटेसुलटे करून पाहिले आणि निकाल दिला.

“हिच्या खोलीत लावा. ज्या खोलीत अंधार, तिथंच दिवा लावतात ना?”

बल्बाच्या हिशोबाने बरोबर होते. पण मी बल्ब नव्हते. आणि घरात सगळ्यांनी विजेचा शब्द अण्णांचाच मानायचा, हा शिरस्ता. ताईनेही मानला. मला मागच्या खोलीत, लोखंडी कपाटाशेजारी लावण्यात आले. मी कान टवकारले. काहीही ऐकू येईना. जन्माच्या वेळची ती लोखंडी पेटी आठवली. माझा दिवा लाल झाला.

ताईने मला काढले, पुन्हा लावले. लाल. दादाने फुंकर मारून पाहिली. लाल. वहिनी दारात उभी होती.

“चांगली वस्तू आणलीत ताई. आल्यापासून लाल डोळे करून बघतेय नुसती. घरात काय कमी होती का अशी माणसं?” असे म्हणून तिने अण्णांकडे न पाहण्याची काळजी घेतली.

“बिघडलेली आहे,” अण्णा म्हणाले. “दुकानात परत कर.”

मित्रांनो, त्या क्षणी मी हिरवा दिवा लावला असता तर सगळे खूश झाले असते. ताईने लॅपटॉप उघडला असता, कोणातरी रोग्यासमोर तिचे हात थिजले असते, आणि माझा कोणाला संशयही आला नसता. मी लालच राहिले. मला लाज वाटली नाही. ऐकू येत नसताना ऐकू येते असे दाखवणाऱ्यांचे जगात पुष्कळ चालते, माझे चालणार नव्हते.

परत करायला म्हणून ताईने मला खोक्यात भरले. भरताना तळाशी घडी केलेला कागद तिच्या हाती लागला. मुंगीएवढी अक्षरे. ती दादाचे भिंग मागून घेऊन आली आणि खाटेवर बसून वाचू लागली. वाचता वाचता तिने कपाळाला हात लावला.

“अण्णा, ही अंधारात लावायचीच नाही. जिथवर उजेड पोहोचतो तिथं लावायची. राउटरच्या आणि माझ्या मध्ये.”

“कागदावर काय, काहीही छापतात,” अण्णा म्हणाले.

पण ताई उठली होती. तिने मला पुढच्या खोलीत नेले आणि राउटरच्या शेजारच्या पॉइंटवर लावले. आधी आमची ओळख व्हायला हवी होती. आमच्यात ओळखीची रीत साधी आहे. राउटरच्या पाठीवरचे बटण दाबायचे, लगेच माझे बटण दाबायचे, आणि थोडा वेळ आम्हाला एकटे सोडायचे.

“दादा, राउटरच्या मागं एक बटण आहे, ते दाब.”

दादाने हात घातला. “कोणतं? इथं माझ्या खालच्या जबड्यांची पेटी आहे.”

“जबडा नाही, बटण.”

“दाबलं.”

“ते बंद करायचं होतं रे. दिवेच गेले त्याचे.”

दुसऱ्या खेपेला बरोबर दाबले गेले. माझा दिवा लुकलुकला. राउटरने नाव विचारले, मी सांगितले, त्याने आपली खूण माझ्या कानात सांगितली. आणि माझा दिवा हिरवा झाला. दोन्ही गळे मोकळे झाले. दादा जबड्यांकडे पाहून हसला आणि ताई भिंतीला टेकून उभी राहिली. बिघडलेली म्हणे.

आता मधली जागा. मधली जागा म्हणजे स्वयंपाकघर. आणि तिथे उंचावर, अडथळ्याशिवाय असा एकच पॉइंट होता, वहिनीच्या मिक्सरचा. तिथून राउटर ऐकू येई. आणि ताईच्या खोलीचे दार बरोबर समोर पडे. जाड भिंत, कपाट, टाकी सगळे बाजूला. मध्ये आडवे येई ते फक्त ताईच्या दाराचे लाकूड, आणि लाकडाशी माझ्या बारीक गळ्याचे चांगले जमते.

“आणि मिक्सर कुठं लावू, डोक्यावर?” वहिनी म्हणाली.

“खाली एक पॉइंट आहे ना.”

“आहे. वाकून बघा एकदा. गेल्या वेळी वाकले होते, ते तुमचे दादा येईपर्यंत तशीच होते.”

ताईने वाकून खालचा पॉइंट पाहिला. मग म्हणाली, “वहिनी, वाटण मी करीन. रोजचं. वाकून.”

“रोजचं?”

“रोजचं.”

“पाहुणे आले तरी?”

“आले तरी.”

वहिनीने मिक्सरची वायर काढली. अशी मी त्या जागेवर बसले. वहिनीच्या दृष्टीने मी अजून आगंतुकच होते. पाहुण्यांना दिसू नये म्हणून ती माझ्यासमोर स्टीलचे मोठे डबे उभे करी आणि माझा आवाज कोंडे. शेजारचा छोटा मायक्रोवेव्ह ओव्हन सुरू केला की माझा जाडा गळा अडखळे. ताई येई, डबे सरकवी, ओव्हन लांबच्या ओट्यावर नेई. वहिनी पुतण्याला दाखवावे तसे मला पाहुण्यांना दाखवू लागायला पुढे बराच काळ गेला.

चित्र मात्र स्वच्छ जाऊ लागले. ताई खोलीत जाई, दार लावी, आणि तिच्या खोलीतून काहीही ऐकू येत नसे. फक्त मधूनच तिचा आवाज, “डॉक्टर, ते विचारताहेत की,” आणि पुढचे दाराआड. बाहेर येताना तिच्या मनगटांवर तेज दिसे. मला त्याचा अभिमान वाटे. आम्ही दोघी एकाच धंद्यातल्या होतो.

पण मित्रांनो, ज्या घरात मीटर वाचणारा माणूस असतो, त्या घरात दिव्यांना शांतता नसते. दुपारचा चहा झाला की अण्णांची फेरी निघे. पुढच्या खोलीपासून मागच्या दारापर्यंत. पंखा बंद. दिवा बंद. टीव्हीचा दिवा, तो झोपलेला असतानाही दिसणारा तांबडा ठिपका, तोसुद्धा मुळापासून बंद. कोणी खोलीतून पाणी प्यायला उठले तरी परत येईस्तोवर अंधार. दादाचे मशीन चालू असताना बंद झाले आणि एका कवळीचे दोन सुळे वाकडे गेले, ही कथा घरात अजून सांगत.

एका दुपारी फेरी माझ्यापर्यंत आली. अण्णांनी माझ्या हिरव्या दिव्याकडे पाहिले. स्वयंपाकघरात कोणी नव्हते. म्हणजे दिवा उगाच जळत होता. त्यांनी बटण दाबले.

ताई दार उघडून धावत आली. मी तिला तसे धावताना पुन्हा कधी पाहिले नाही. तिने बटण लावले, पण मला उठायला वेळ लागतो. आधी जाग, मग ओळख, मग हिरवा. ती माझ्यासमोर उभी राहून, “चल ग, चल ग,” म्हणत होती. मी हिरवी झाले तोवर पलीकडचे लोक निघून गेले होते.

“अण्णा, हिचं बटण तुम्ही बंद केलंत?”

“खोलीत कोणी नव्हतं.”

“मी होते. माझ्या खोलीत. काम करत होते.”

“दार लावून हातवारे करायचे, त्याला काम म्हणायचं?” अण्णा म्हणाले. ते रागाने बोलले नाहीत. त्यांना खरेच तसे वाटत होते, आणि तेच वाईट होते.

“पलीकडं एक आजोबा होते,” ताई म्हणाली. “तुमच्याएवढे. काय सांगत होते ते मी तुम्हाला सांगणार नाही. पण ते सांगत होते, आणि मध्येच मी त्यांच्यासमोरून गेले. तुम्ही घालवलंत मला.”

“आमच्या वेळी फोन दाराबाहेर होता, सगळ्या गल्लीला एक. तरी जगलो.”

“तुम्ही जगलात, अण्णा. तुम्हाला ऐकू येत होतं.”

एवढेच बोलून ती आत गेली. संध्याकाळी केंद्रावरच्या बाईंचा फोन आला. त्या आता थेट बोलल्या. आणखी एक काम देऊ, त्या वेळी आम्हीही बघत बसू. चित्र गेले तर ते शेवटचे.

मग त्या घरात एक विचित्र लढाई सुरू झाली. ताईने माझ्या बटणावर चिकटपट्टी लावली. अण्णांनी ती काढली. “माझ्या घरातल्या बटणाला पट्टी?” ताईने पुन्हा लावली, या वेळी दुहेरी. अण्णांनी नखाने उकरली. ती म्हणाली, ही डबी विजेचा कणभर घास खाते. ते म्हणाले, बघू. माळ्यावरून त्यांनी आपला जुना मीटर काढला, काचेआड फिरणारी चकती असलेला, आणि मला त्याच्यामार्फत वीज दिली. मग समोर स्टूल ओढून चकतीकडे डोळे लावून बसले. चकती हलेना. बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली, चहा निवला, चकतीने जेमतेम अंग हलवले.

“मग?” वहिनी म्हणाली.

“मीटर मंद झालाय,” अण्णा म्हणाले. “माणूस निवृत्त झाला की मीटरही होतो.”

तो माणूस हटत नव्हता, आणि खरे सांगते, मलाही हटायचे नव्हते. ते बंद करत, ताई चालू करी, मी दर वेळी उठे. डोळे चोळत, पण उठे. किती वेळा ते मोजत नाही, मोजणे हा त्यांचा छंद.

परीक्षेचा दिवस आला. ताईने सकाळी हात धुतले, नखे कापली, गडद रंगाचा सदरा घातला. हात स्पष्ट दिसावेत म्हणून ती तो घाली. दार लावण्यापूर्वी ती स्वयंपाकघरात आली. अण्णा तिथेच बसले होते, जेवणाच्या टेबलापाशी, माझ्यासमोर. तिने त्यांना विनंती केली नाही. त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि वहिनीला म्हणाली, “मी आत जाते.”

“जा,” वहिनी म्हणाली.

दार लागले. दाराआड काम सुरू झाले. माझ्यातून ताईचे हात जाऊ लागले, कुलूपबंद, मला न दिसणारे, पण जातात हे कळत होते. वहिनी पालेभाजी निवडत होती. दादाने आपणहून मशीन बंद ठेवले होते.

बऱ्याच वेळाने अण्णा उठले. पाणी प्यायले. पेला पालथा घातला. आणि खोलीतून निघताना त्यांचा हात आपोआप भिंतीकडे गेला. आयुष्यभर जात आला तसा. बोटे माझ्या बटणावर आली.

वहिनीने त्यांचे मनगट धरले.

त्या घरात सुनेने सासऱ्याचे मनगट धरण्याचा प्रसंग पहिलाच असावा. दोघेही दचकले.

“काम चाललंय,” वहिनी हळू आवाजात म्हणाली.

“अग, मुद्दाम नाही केलं. हाताची सवय आहे. ती काय आता सुटणार आहे?”

“का नाही सुटणार? धाकटीची सोडवलीत की.”

अण्णांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले.

“मी नवी नवरी होते तेव्हा या टेबलावर बघितलंय,” वहिनी म्हणाली. “जेवताना ती हात उचलून काही सांगायला लागली की तुम्ही डोळे वटारायचे. मग ती पोर दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसायची. घास खायला एक हात काढायची, परत दाबायची. तोंडानं बोल, म्हणायचात तुम्ही.”

“डॉक्टरांनीच सांगितलं होतं. हात चालले तर तोंड उघडणार नाही म्हणून. तिच्या भल्यासाठी केलं.”

“हो. भल्यासाठी. तोंड उघडलं का?”

मित्रांनो, त्या काळी पुष्कळ घरांत तसे सांगितले जाई आणि पुष्कळ घरांनी ते ऐकले. त्याने त्या मुलीचे जे झाले ते कमी होत नाही. अण्णांना माफ करणारी मी कोणी नव्हे. त्यांना शिक्षा करणारीही नव्हे. मी फक्त जे पाहिले ते सांगते.

अण्णांनी मनगट सोडवून घेतले. ते पुन्हा खुर्चीवर बसले. बटणाकडे पाहिले, मग आपल्या हातांकडे. मग त्यांनी दोन्ही तळवे उताणे न करता मांड्यांखाली सरकवले आणि वर आपले सगळे वजन टाकून बसले. ऐंशीच्या घरातला माणूस, मान खाली, हातांवर बसलेला. वहिनीने तोंड फिरवले आणि निवडलेली भाजी पुन्हा निवडू लागली.

माझा दिवा हिरवा होता. त्या वेळी वरून कोणी टाकी फोडली असती, ओव्हन, मिक्सर, सगळे एकदम सुरू केले असते, तरी मी धरलेला आवाज सोडला नसता.

शेवटी दार उघडले. ताई बाहेर आली आणि थबकली.

“अण्णा, असे का बसलात?”

“थंडी वाजतेय त्यांना,” वहिनी म्हणाली.

“झालं का तुझं?” अण्णांनी विचारले.

“झालं.”

“मध्ये कुठं गेलं नाही ना?”

“नाही. शेवटपर्यंत होतं. त्या बाई म्हणाल्या, नाव राहील.”

अण्णांनी हात बाहेर काढले. त्यांना मुंग्या आल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात वर उचलून जोरजोरात झटकले, आणि ताई पाहतच राहिली. मग ती हसू लागली, खुर्ची ओढून बसेपर्यंत हसत राहिली.

“काय झालं हसायला?”

“धाकटीच्या लोकांत याला टाळ्या म्हणतात, अण्णा. हात असे वर करून हलवायचे.”

अण्णांनी हात खाली घेतले. थोड्या वेळाने विचारले, “आणि तिचं नाव कसं करतात?”

ताईने करून दाखवले.

आता पुढचे सांगते. सगळे गोड झाले असे समजू नका. अण्णांची फेरी बंद झाली नाही, फक्त माझ्या बटणापाशी येऊन ती वळू लागली. त्यांनी धाकटीशी लॅपटॉपवरून बोलायचा प्रयत्न केला. ते चित्र मीच पोहोचवले. त्यांची बोटे ताठ. बारा वळणांची खूण ते चार वळणांत उरकत, मीटरचे आकडे लिहावे तशी. धाकटीने ताईला हातांनी सांगितले की अण्णांचे उच्चार फार वाईट आहेत. ताईने ते अण्णांना जसेच्या तसे सांगितले. दुभाष्याने काही गाळायचे नसते. धाकटी घरी आली ती त्यानंतर बऱ्याच काळाने, आणि राहिली नाही. पण या टेबलावर जेवली, दोन्ही हातांनी भरभरून बोलत, घास गार होईपर्यंत. जुन्या गोष्टीचा विषय तिने काढला नाही आणि ती गोष्ट विसरलीही नाही. ती एका छापखान्यात पुस्तकबांधणी करते. तिच्याकडे आता हाताखाली माणसे आहेत, आणि त्यांना तिच्याशी हातांनीच बोलावे लागते.

अण्णा गेले. शेवटच्या आजारपणात त्यांचा आवाज बसला होता, तेव्हा पाणी हवे हे त्यांनी ताईला खुणेने सांगितले. ती खूण त्यांची बरोबर होती, असे ताई म्हणते. दादाचा खांदा धरला, त्याने कवळ्यांचे काम सोडले. जबडे एका शिकाऊ मुलीला दिले. आता तो अधूनमधून बोलतो. वहिनीने, मला काढले त्याच दिवशी, मिक्सर आपल्या जागेवर परत लावला. त्याआधी बटणाशेजारची भिंत पुसून घेतली आणि मला पदराने. ताई अजून तेच काम करते. नव्या दुभाष्यांना शिकवतेही. त्यांना ती पहिल्या दिवशी सांगते, ऐकू आलं नाही तर नाही आलं म्हणा, अंदाजानं हात हलवू नका. हे ती कोणाकडून शिकली ते मला माहीत आहे.

आणि मी? घरात नवी यंत्रे आली, गोल, पांढरी, शोभिवंत. ती बसवायला आलेला माणूस मला हातात घेऊन म्हणाला, हे जुनं मॉडेल, याचं आता काही होत नाही. मला पेटीत टाकले, निकामी चार्जर आणि गुंतलेल्या वायरींबरोबर. पेटी ताईच्या खाटेखाली आहे. भंगारवाला आला की ती म्हणते, त्या पेटीला हात लावायचा नाही.

त्या माणसाला माझे एकच सांगणे आहे. बोलण्यापूर्वी एकदा लावून तर बघायचे होते.

तुम्हालाही सांगते, मित्रांनो. तुमच्या घरात एखादी वस्तू, एखादे माणूस, चालत नाही असे म्हणण्याआधी त्याला कुठल्या कोपऱ्यात ठेवले आहे ते जाऊन पाहा. आणि रिकाम्या खोलीत कोणाचा बारीकसा दिवा जळताना दिसला, तर हात बटणापाशी थांबवा. आधी विचारा, आत कोणी बोलतंय का.